पथ्य, दया आणि इन्सुलिन

आहाराविषयीं मतें बाळगण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि आमच्या समाजानें हा हक्क पूर्वापार मोठ्या हौसेनें बजावलेला आहे. कोणीं कांदा सोडावा, कोणीं मीठ सोडावें, कोणीं चातुर्मासांत वांगें वर्ज्य करावें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. याच परंपरेंत अलीकडे व्हीगन आहाराची भर पडली आहे. मांस, मासे व अंडीं तर नकोतच; पण दूध, दही, लोणी, तूप आणि मध यांपैकींहि कांहीं पानांत येऊं द्यावयाचें नाहीं, असा हा नियम. १९४४ सालीं इंग्लंडांत डोनल्ड वॉटसन व त्याचे थोडे सहकारी यांनीं यासाठीं संस्था काढली व हें नांवहि तेव्हांच घडविलें; ऐंशी वर्षांत ही कल्पना पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत येऊन पोंचली आहे. मुक्या प्राण्यांविषयीं करुणा वाटून कोणी दुधाचा पेला दूर सारीत असेल तर त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण आहे तें त्या करुणेच्या आडोशानें चाललेल्या एका व्यापाराशीं. या आहारानें मधुमेह मुळापासून जातो व इन्सुलिनची सुई सुटते, असें व्याख्यानांतून व शिबिरांतून छातीठोकपणें सांगावयाचें, आणि सांगतांना तो मधुमेह कोणत्या प्रकारचा हें मात्र गुलदस्तांत ठेवावयाचें, असा हा व्यापार आहे. त्यांत पैसा एका पक्षाचा वाढतो आणि जीव दुसऱ्या पक्षाचा जातो. म्हणून त्याविषयीं सौम्य भाषेंत लिहिण्याची आमची इच्छा नाहीं.

मधुमेह हा शब्द एक आहे; रोग एक नाहीं. बैठें काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या मध्यमवयस्क गृहस्थास जो बहुधा होतो तो दुसऱ्या प्रकारचा. त्यांत शरीर इन्सुलिन तयार करीत असतें, परंतु त्याचा अंमल पेशींवर नीट चालत नाहीं, आणि कालांतरानें उत्पादनहि अपुरें पडूं लागतें. वजन उतरलें, चालणें वाढलें, आहार सुधारला, तर अशा रोग्याचीं औषधें कमी होतात, आणि कांहींचीं कांहीं काळ सुटतातहि. हें आम्ही नाकारीत नाहीं. पहिल्या प्रकाराची गोष्ट निराळी. तो कोणत्याहि वयांत होऊं शकतो, पण पुष्कळदां बाळपणीं किंवा तारुण्यांत गांठतो. त्यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वकीयांवर उलटते आणि स्वादुपिंडांतील ज्या बीटा पेशी इन्सुलिन निर्माण करितात त्यांचा नाश करिते. हा नाश मुलानें पेढे अधिक खाल्ल्यानें होत नाहीं, आणि पेढे सोडल्यानें भरून येत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत रहाट कुरकुरत असतो. वंगण घातल्यास तो पुन्हां फिरूं लागण्याची आशा असते. पहिल्यांत विहीरच बुजलेली असते. तेथें रहाटास कितीहि वंगण घातलें तरी पाणी कोठून येणार?

हा भेद पाश्चात्यांनीं काल-परवां काढला, असें म्हणून तो उडवून लावण्याची सोय प्राचीन ज्ञानाचीं निशाणें मिरविणाऱ्यांसहि नाहीं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मतः आलेल्या दोषानें होणारा, व दुसरा अपथ्यामुळें होणारा. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, थोडें खाणारा आणि तहानेनें व्याकुळ. दुसऱ्याचा स्थूल, पुष्कळ खाणारा व बैठकीची आणि झोपेची आवड असलेला. आजच्या दोन प्रकारांशीं हे दोन वर्ग तंतोतंत जुळतात असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु कृशाचें पोषण करावें आणि स्थूलास अपतर्पण म्हणजे क्षीण करणारे उपचार द्यावे, इतका विवेक त्या वैद्यानें दाखविला होता. आजचा शिबिरवाला त्याच सुश्रुताचें नांव घेतो, आणि हाडें वर आलेल्या पोरास लंघन करावयास सांगतो! आधुनिक काळीं १९३६ सालीं हॅरोल्ड हिम्सवर्थ या इंग्रज वैद्यानें कांहीं मधुमेही इन्सुलिनास चटकन् प्रतिसाद देतात व कांहीं देत नाहींत, हें प्रयोगानें दाखविलें. म्हणजे जुन्या वैद्याचें निरीक्षण व नव्या वैद्याचा प्रयोग या दोहोंकडे पाठ फिरविल्यावांचून 'मधुमेह सारा एकच' हें वाक्य उच्चारतांच येत नाहीं.

केवळ आहारानें पहिल्या प्रकारचा मधुमेह ताब्यांत येईल काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता असेंहि नाहीं. तो प्रयोग झालेला आहे, आणि आजच्या कोणत्याहि शिबिरांत शक्य नाहीं इतक्या कडकपणानें झालेला आहे. १९१४ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्यें फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरानें मधुमेह्यांस मोजून-मापून अर्धपोटीं ठेवण्याची पद्धत चालविली. लघवींत साखर दिसली कीं उपवास. उपवास सोसला कीं मुठीएवढी भाजी. पुन्हां साखर, पुन्हां उपवास. ॲलन हा भोंदू नव्हता. इन्सुलिन उपलब्ध नसतां जें शक्य तेंच तो करीत होता, आणि त्यामुळें कांहीं रोगी कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें, अधिक जगले. पण बरा एकहि झाला नाहीं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ त्याच्याच उपचाराखालीं होती. बापाजवळ पैसा होता, सत्ता होती. मुलीजवळ असामान्य मनोनिग्रह होता. पथ्यांत तिनें कसूर केली नाहीं. तीन वर्षांच्या या तपश्चर्येनंतर, पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिचें वजन उरलें होतें सुमारें ४५ पौंड, म्हणजे वीस किलो. १९२२ च्या ऑगस्टमध्यें तिला टोरांटोस नेऊन फ्रेडरिक बँटिंगच्या हातीं दिलें आणि इन्सुलिन सुरू झालें. ती मुलगी पुढें शिकली, संसार केला आणि १९८१ सालीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं वारली. पथ्याच्या पराकाष्ठेनें जें साधलें नाहीं तें इन्सुलिननें साधलें. ज्यास आहाराच्या सामर्थ्याविषयीं वाद घालावयाचा असेल त्यानें प्रथम या वीस किलोंचा जबाब द्यावा.

मग शिबिरांत टाळ्या कशाच्या पडतात? 'आमच्या मुलाची मात्रा निम्म्यावर आली,' असें व्यासपीठावरून सांगणारे आईबाप खोटें बोलतात काय? नाहीं. बहुधा ते खरेंच बोलतात, आणि म्हणूनच त्यांची अधिक कींव येते. या रोगांत एक चमत्कारिक अवस्था आहे. डॉक्टर तिला 'हनिमून'चा काळ म्हणतात. निदान होऊन इन्सुलिन सुरू झालें म्हणजे उरल्यासुरल्या बीटा पेशींस विसांवा मिळतो, त्या पुन्हां थोडें काम करूं लागतात, आणि कांहीं आठवडे, कांहीं महिने, क्वचित् वर्षाहूनहि अधिक काळ बाहेरून घ्यावयाच्या इन्सुलिनची गरज पुष्कळ कमी होते. हा काळ मटण खाणाऱ्या मुलास लाभतो, तूप खाणाऱ्यास लाभतो, आणि व्हीगन मुलासहि लाभतो. निदानाच्या धक्क्यानें सैरभैर झालेले आईबाप नेमके याच महिन्यांत दारोदार हिंडत असतात. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडावी तसें होतें. जें श्रेय इन्सुलिनचें, तें दुधी भोपळ्याच्या रसास मिळतें. तेवढ्यापुरता समारंभ होतो, छायाचित्रें निघतात, आणि पुढच्या शिबिराचीं नांवें नोंदविलीं जातात.

परंतु हा काळ संपतो. साखर पुन्हां चढूं लागते, आणि तेव्हां व्यासपीठावर कोणी बोलावीत नाहीं. विचारावयास गेल्यास उत्तर तयार असतें: 'पथ्य मोडलें असेल.' या तीन शब्दांएवढें क्रूर वाक्य आम्हांस ठाऊक नाहीं. अन्नानें रोग जातो हें एकदां मान्य केलें कीं अन्नानेंच तो आला हेंहि ओघानेंच मान्य होतें. आणि घरांत अन्न कोण शिजवितें? आई. म्हणजे ज्या स्त्रीनें रात्रीं दोन-दोनदां उठून पोराच्या बोटांतून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिली, तिच्याच पदरांत हा दोष बांधावयाचा! आणि ज्या पोराचा कांहींएक अपराध नाहीं त्यास वाढदिवसाच्या दिवशीं खाल्लेल्या एका घासाबद्दल जन्मभर स्वतःस कोसावयास लावावयाचें! रोगाचें ओझें होतेंच. त्यावर पापाचें ओझें चढविण्याचा अधिकार या लोकांस कोणीं दिला?

ओझ्यावरच भागतें असेंहि नाहीं. इन्सुलिन अजिबात बंद झालें तर काय होतें हें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे, कारण शिबिरांत तें सांगत नाहींत. रक्तांत साखर उदंड असून पेशींस ती वापरतां येत नाहीं. शरीर चरबी जाळूं लागतें. तीपासून निघणारीं आम्लद्रव्यें रक्तांत सांचतात. वांत्या, पोटदुखी, खोल धापा, ग्लानि, बेशुद्धि असा क्रम लागतो, आणि वेळीं रुग्णालय गांठलें नाहीं तर कांहीं दिवसांत मृत्यु येतो. उपाशी राहिल्यानेंहि हें टळत नाहीं. कारण पोटांत अन्न नसलें तरी यकृत रक्तांत साखर सोडीतच असतें, आणि तिला आवर घालण्यास कांहीं इन्सुलिन अहोरात्र लागतेंच. 'आज मुलानें कांहीं खाल्लेंच नाहीं, मग सुई कशाला?' हा सरळ वाटणारा प्रश्न म्हणूनच घातक आहे.

हीं केवळ भीतीचीं चित्रें नव्हेत. २०१६ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांत अंगावर थापट्या मारून रोग हटविण्याच्या एका शिबिरांत पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली ७१ वर्षांची एक स्त्री मरण पावली. ती शाकाहारी होती. सुईची तिला धास्ती होती. इन्सुलिनास कांहीं पर्याय मिळावा म्हणून ती शोधांत होती. शिबिरांत तिनें इन्सुलिन थांबविलें, तिची प्रकृति डोळ्यांदेखत ढासळली, आणि चालकानें डॉक्टरास बोलाविलें नाहीं. २०२४ सालीं इंग्रज न्यायालयानें त्यास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच गृहस्थाच्या ऑस्ट्रेलियांतील शिबिरांत नेलेला एक लहान मुलगा २०१५ सालीं असाच दगावला होता. तें शिबिर आहाराचें नव्हतें, थापट्यांचें होतें, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर असें कीं साधन कोणतेंहि असो, वचन एकच होतें: सुई सोडतां येईल. मनुष्यास मारतें तें हें वचन. थापटीनें दिलें काय आणि भाजीच्या रसानें दिलें काय, मरणांत फरक पडत नाहीं.

येथें प्रतिपक्षाचा एक आधार आम्ही प्रामाणिकपणें मांडतों, कारण तो खरा आहे. वॉशिंग्टन येथील डॉक्टरांच्या एका संस्थेनें, जी स्वतः वनस्पतिजन्य आहाराची पुरस्कर्ती आहे, २०२४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या प्रकारचे ५८ प्रौढ मधुमेही बारा आठवडे दोन गटांत ठेवण्यांत आले. एका गटास कमी चरबीचा व्हीगन आहार, दुसऱ्यास मोजून नेमलेला नेहमींचा आहार. व्हीगन गटाची इन्सुलिनची रोजची गरज सरासरी सुमारें २८ टक्क्यांनीं उतरली, वजनहि उतरलें. प्रयोग लहान, मुदत थोडी. तरी निष्कर्ष टाकाऊ नाहीं. कोंड्यासकट धान्य, कडधान्यें व भाज्या खाल्ल्यानें आणि चरबी घटल्यानें इन्सुलिनचा अंमल अधिक चांगला चालतो, हें समजण्यासारखेंहि आहे. परंतु वाचकांनीं उरलेल्या ७२ टक्क्यांकडे पाहावें. आहाराच्या पुरस्कर्त्यांनींच, अनुकूल परिस्थितींत, निवडक प्रौढांवर केलेल्या प्रयोगांत ज्याची गरज तीन-चतुर्थांशांच्या जवळपास शिल्लकच राहिली, त्याची गरज पुण्याच्या मंगल कार्यालयांतील दोन दिवसांच्या शिबिरांत शून्यावर येते, हें कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? शिवाय मात्रा कमी होणें आणि मात्रा कमी करणें या दोन गोष्टी आहेत. आहार बदलल्यावर साखर खालीं येऊं लागली, यंत्रानें ती दाखविली, डॉक्टराच्या सल्ल्यानें मात्रा उतरविली, हें शास्त्र. सिद्धांताप्रमाणें साखर खालीं आलीच पाहिजे म्हणून आधींच मात्रा उतरविली, ही आंधळी श्रद्धा, आणि तिचा भुर्दंड श्रद्धाळूस नव्हे, बहुधा त्याच्या लेंकरास भरावा लागतो. शरीर स्वतः किती इन्सुलिन करितें हें सी-पेप्टाइड नांवाच्या तपासणीनें कळतें. ज्यांस आपल्या उपचाराविषयीं खात्री असेल त्यांनीं निदानाला पांच वर्षें झालेल्या, पहिल्या प्रकारच्या आपल्या 'बऱ्या' झालेल्या मुलांच्या या तपासण्या चव्हाट्यावर मांडाव्या. आम्ही वाट पाहतों.

आतां दुसरा आक्षेप, आणि हा व्यापाऱ्यांचा नव्हे, प्रामाणिक माणसांचा आहे. ज्यानें प्राण्यांस पीडा नको म्हणून दूध सोडलें त्यानें प्राण्यांच्या हत्येंतून जन्मलेलें औषध कसें घ्यावें? इन्सुलिनचा इतिहास या बाबतींत निर्मळ नाहीं, हें मान्यच केलें पाहिजे. १९२१ च्या उन्हाळ्यांत टोरांटोंत बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांचीं स्वादुपिंडें काढून प्रयोग केले. पुढें कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथि आणून अर्क काढला. कॉलिपनें तो शुद्ध केला. आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो टोंचून मरणाच्या दारांतून मागें आणलें. त्यानंतर साठ वर्षें जगांतील मधुमेही डुकरांच्या व गुरांच्या इन्सुलिनवर जगले. परंतु १९७८ सालीं कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं मानवी इन्सुलिनचा जनुक सूक्ष्म जंतूंत घालून त्यांजकडून तें करवून घेतलें, १९८२ सालीं अमेरिकेनें त्याच्या विक्रीस मान्यता दिली, आणि आज बाजारांतील जवळजवळ सर्व इन्सुलिन अशा जंतूंच्या किंवा यीस्टच्या हौदांत तयार होतें. ज्या यीस्टनें पाव फुगतो त्याच जातीच्या जिवाकडून मनुष्याचें प्राणद्रव्य निपजतें! दयाधर्म्यांनीं खरें म्हणजे या शोधाचा उत्सव केला पाहिजे. कत्तलखान्याशीं इन्सुलिनचें नातें वक्तृत्वानें नव्हे, या शोधानें तुटलें. औषधांच्या चाचण्यांत प्राणी अजून वापरले जातात, हें खरें. पण खुद्द वॉटसनच्या संस्थेनेंहि आपल्या व्याख्येंत शक्य व व्यवहार्य असेल तेथवरच हें व्रत पाळावयाचें अशी मर्यादा घातली आहे, आणि ज्यावांचून प्राण राहत नाहीं असें औषध सोडण्यास ती कोणासहि सांगत नाहीं. गुरूनें जें मागितलें नाहीं तें शिष्यानें देऊं नये.

याच संदर्भांत आमच्या देशांतील एक उदाहरण स्मरणांत ठेवण्यासारखें आहे. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध सोडलें, आणि गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रूरतेचा विचार हें त्या व्रताचें एक कारण होतें. १९१८ च्या आजारपणानंतर त्यांची प्रकृति अगदीं खालावली, मुंबईचे डॉ. दलाल यांनीं दूध घेतल्यावांचून अंग भरणार नाहीं असें बजाविलें. व्रत आडवें आलें. तेव्हां कस्तुरबांनीं, व्रत गाई-म्हशींच्या दुधाविषयीं आहे, शेळीच्या दुधास अडचण कोणती, असें सुचविलें. गांधींनीं तें घेतलें, कारण त्यांस सत्याग्रहासाठीं जगावयाचें होतें. आणि आपण व्रताचें शरीर राखलें व आत्मा मारला ही टोंचणी त्यांनीं आत्मकथेंत लपविली नाहीं. त्यांचा निर्णय बरोबर कीं चूक हा वाद येथें नको. सांगावयाचें तें इतकेंच कीं दयेच्या व्रतांत त्यांच्याहून करारी पुरुष दाखविणें कठीण, आणि त्यानेंहि जिवाचा प्रश्न उभा राहतांच व्रतास वांकविलें. आमच्या मधुमेही तरुणापुढें तर हा पेंच मुळींच नाहीं. त्यास दूध घेण्याचीहि सक्ति नाहीं. इन्सुलिन तेवढें घ्यावयाचें आहे, आणि तें घेऊन व्रत शाबूत राहतें.

येथवर आम्हीं एका पक्षास धारेवर धरिलें. आतां दुसऱ्या पक्षाची पाळी. घरांतील वडील मंडळी आणि कांहीं डॉक्टरहि असे आहेत कीं व्हीगन हा शब्द ऐकतांच ज्यांस हंसूं आवरत नाहीं. 'आधींच मधुमेह, त्यांत हीं थेरें!' हें त्यांचें शास्त्र. दूध सात्त्विक, तूप पौष्टिक, अंड्यावांचून प्रथिन नाहीं, अशीं सूत्रें तोंडावर फेंकून ते मोकळे होतात. या मंडळींस आम्ही विचारतों: पिठलें-भाकरी, मुगाची उसळ, वांग्याचें भरीत, शेंगदाण्याची चटणी, कोंकणांतील सोलकढी यांत प्राण्याचें काय आहे? या आहारावर आमचे अर्धे खेडूत पिढ्यान् पिढ्या राबले. मुलगी दूध सोडते म्हणून तिची थट्टा केली तर ती दूध पिऊं लागत नाहीं. ती फक्त सांगेनाशी होते. मग ती काय खाते हें डॉक्टरास कळत नाहीं, मात्रा चुकते, साखर हेलकावे खाते. आणि ज्या ठिकाणीं कोणी तिचें ऐकून घेतो, तिच्या करुणेचा मान राखतो, तें ठिकाण असतें शिबिर. शिबिरास गिऱ्हाईक पाठविणारा सर्वांत मोठा दलाल म्हणजे हा तुच्छतेनें हंसणारा शहाणा होय.

हंसण्याऐवजीं त्यानें जें सांगावयास हवें होतें तें थोडक्यांत असें. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यानें व्हीगन होणें शक्य आहे, पण गणित अधिक काटेकोर करावें लागतें. अंड्यांत पिष्टमय भाग जवळजवळ नाहीं. उलट तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळींत प्रथिनें सुमारें २२ ग्रॅम, तर पिष्टमय भाग त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे प्रथिनांसाठीं वाढलेली प्रत्येक वाटी इन्सुलिनच्या हिशेबांत धरली पाहिजे. सोयाबीन, त्याचें पनीर आणि शेंगदाणे यांत हा बोजा कमी आहे; पण शेंगदाणा व खोबरें यांतील तेलामुळें साखर उशिरां चढते, तेव्हां जेवणानंतर दोन तासांनीं आंकडा चांगला दिसला म्हणून निर्धास्त राहूं नये. ओटचें 'दूध' आणि सोयाचें 'दूध' हे एक नव्हेत. पहिल्यांत पिष्ट अधिक व प्रथिन थोडें असतें. एकादशीच्या साबुदाण्याविषयीं तर बोलावयासच नको; तो व्हीगन आहे इतकाच त्याचा गुण. साखर एकाएकीं उतरली तर साखर-पाणी किंवा ग्लूकोज तात्काळ घ्यावें. तेथें मधाचें किंवा दुधाचें कांहींच अडत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची. वनस्पतींत तें भरंवशाचें असें मिळत नाहीं, म्हणून व्हीगन माणसानें त्याची गोळी घेतलीच पाहिजे. हा मुद्दा ऐच्छिक नाहीं. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यास धोका दुहेरी आहे. ज्या उलट्या संरक्षणानें त्याचें स्वादुपिंड निकामी केलें तेंच कित्येकांच्या जठरावरहि हल्ला करितें, आणि मग पोटांत गेलेलें ब-१२ सुद्धां शोषलें जात नाहीं. त्याच्या अभावानें हातापायांस मुंग्या येतात, बधिरता येते. मधुमेहानेंहि हेंच होतें. आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं जाऊन मज्जातंतूंचें कायमचें नुकसान होऊं शकतें. तेव्हां रक्ताची वेळोवेळीं तपासणी हवी. या रोग्यांत गहूं न सोसणारा सीलिॲक विकारहि इतरांहून अधिक आढळतो. अशास दूध, मांस व गहूं तिन्ही वर्ज्य झाल्यावर ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांवर जेवण बसवावें लागतें. नाचणीचें एक वैभव आहे: शंभर ग्रॅमांत तीनशेंहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम. तें सारें अंगीं लागतें असें नाहीं. तरी दूध सोडणाऱ्या मराठी घरास कॅल्शियमसाठीं परदेशीं डबे आणण्याचें कारण नाहीं.

मुलांविषयीं एक शब्द वेगळा. अमेरिकेच्या आहारतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेनें २०१६ सालीं सुनियोजित व्हीगन आहार सर्व वयांत पुरेसा ठरतो असें म्हटलें होतें; २०२५ चें तिचें निवेदन मात्र प्रौढांपुरतेंच मर्यादित आहे. जर्मनीच्या पोषणसंस्थेनें २०१६ सालींच मुलांच्या बाबतींत त्याची शिफारस नाकारिली होती. ज्ञात्यांत जेथें एकमत नाहीं तेथें वाढत्या, आणि त्यांतहि इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलावर आईबापांनीं आपलें व्रत लादूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि लादलेंच, तर बालमधुमेहाचा जाणता डॉक्टर व आहारतज्ज्ञ सोबत असल्यावांचून, उंची-वजनाचा तक्ता भिंतीवर लावल्यावांचून तें पाऊल टाकूं नये. प्रौढानें स्वतःच्या शरीरावर व्रत चालविणें हें त्याचें स्वातंत्र्य. लेंकराच्या शरीरावर तें चालविणें ही जबाबदारी आहे, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

तात्पर्य, ताट आणि सुई यांचीं क्षेत्रें भिन्न आहेत. ताटांत काय असावें हें माणसाची रुचि, कुळाचार, ऐपत आणि सदसद्विवेक यांनीं ठरवावें. तेथें आम्ही कोणाच्या मध्यें येत नाहीं. सुईंत काय असावें हें मात्र रोगानें ठरविलेलें आहे, आणि त्यापुढें मांसाहारी, शाकाहारी व व्हीगन सारे सारखेच. जो मनुष्य या दोहोंचा सौदा करूं पाहतो, 'ताट बदला, सुई सोडा' असें म्हणतो, तो भूतदयेचाहि मित्र नाहीं. कारण ज्या विचारापायीं एक मूल दगावतें, त्याचें नांव पुढें दहा घरांत कोणी प्रेमानें घेत नाहीं. म्हणून खऱ्या व्हीगनांनींच या व्यापाऱ्यांस आपल्या पंक्तींतून प्रथम उठवावें. आणि ज्या घरांत असें मूल आहे त्या घरांतील वडिलांस आमची विनंति इतकीच: कोणी कितीहि गोड वाणीनें येवो, कितीहि शुद्ध अन्नाची गोष्ट सांगो, त्यास एकच प्रश्न विचारा, 'ही सुई थांबवावयास सांगतां काय?' उत्तर 'होय' असें आलें तर त्यास पाणी द्या, आणि दार दाखवा.